चार दिवस तळाशील, एकच बॅग : किनाऱ्यावरून गरवायला नेमकं काय न्यावं?

पाणकावळा (धागाकर्ता) | बुधवार, रात्री ९.४०

मंडळी, पुढच्या गुरुवारी तळाशीलला निघतोय, मालवण तालुका. चार दिवस. बायको, मुलगी (९), मुलगा (६), सासूबाई आणि मी. गाडी छोटी.

मागच्या दिवाळीत हर्णैला गेलो होतो तेव्हा अर्धी डिकी माझ्या सामानानं अडवली होती. चार दिवसांत गरवायला (म्हणजे गळानं मासे धरायला) मिळाले मोजून तीन तास. हाती काय लागलं, तर एक केंड (फुगणारा विषारी मासा) आणि एक खेकडा. तेही खेकड्यानं गळ धरून ठेवला म्हणून, तो काही अडकलेला नव्हता. परतीच्या वाटेवर सासूबाई माझ्या बॅगेवर पाय ठेवून बसल्या होत्या. बोलल्या काहीच नाहीत, पण ताम्हिणीत प्रत्येक वळणाला ती बॅग सरकायची आणि त्या "हं" म्हणायच्या.

या वेळी गृहखात्याचा आदेश आहे : एक बॅग, मुलाच्या दप्तराएवढी. त्यात बसेल ते न्या.

काल रात्री हॉलमध्ये सगळं मांडलं. तीन रॉड (दहा फुटी दोन तुकड्यांचा, नऊ फुटी दोन तुकड्यांचा, सात फुटी चार तुकड्यांचा), तीन रिळं, लूरचे (नकली आमिषांचे) चार डबे, शिसंच दीड किलो, गळांची पाकिटं किती ते मोजलं नाही, रॉड वाळूत उभा करायचे दोन पाइप, बाळदी, बारा खिशांचं जाकीट. रॉड सोडून बाकीचं किचनच्या काट्यावर हप्त्याहप्त्यानं तोललं : ६ किलो ३०० ग्रॅम.

यातलं काय ठेवू, काय नेऊ? अनुभवी लोकांनी सांगावं.

टेट्रापॉड | बुधवार, रात्री १०.०५

सासूबाईंना घरी ठेवा.

पाणकावळा | बुधवार, रात्री १०.०७

त्या हा धागा वाचू शकतात. त्यांनीच मला या साइटचा पत्ता दिला होता. (पाककृती विभाग.)

टेट्रापॉड | बुधवार, रात्री १०.०८

सासूबाईंना पुढची सीट द्या, असं म्हणायचं होतं.

रापणकर | बुधवार, रात्री १०.३१

आधी खंय गरवतलास ता ठरवा, मगे बॅग भरा. आमी ल्हान होतो तेवा सगळा सामान शर्टाच्या खिशात रवायचा. वीस वाव तंगूस (नायलॉनची दोरी), दोन गळ, इल्लासा शिसा. तेच्यार घरातली म्हावऱ्याची कढी व्हायची.

मालवणीत लिहिलं की पुणेकर दर ओळीला अर्थ विचारतात, म्हणून पुढचं शाळेतल्या मराठीत.

तळाशील ही वाळूची चिंचोळी पट्टी आहे. पश्चिमेला उघडा दर्या, पूर्वेला गड नदीची खाडी, टोकाला मुख आणि मुखापलीकडे सर्जेकोट. दर्यावरून खाडीवर चालत जायला काही ठिकाणी पाच मिनिटंही लागत नाहीत. म्हणजे एकाच मुक्कामात तुम्हाला तीन वेगळी पाणी आहेत. दर्याच्या बाजूला वाळू, तिथे मुडदुशी. खाडीत तिवरं, कालवं लागलेले दगड, जुने खांब, तिथे तांबोशी, पालू, गोब्रा. मुखाशी ओढ जबरदस्त, तिथे काहीही लागू शकतं, पण लहान पोरांना घेऊन तिथे उभं राहायचं नाही. तिन्ही पाण्यांचं सामान नेलंत तर बॅग भरणारच. दोनांचं न्या. मुख सोडा.

दोन गोष्टी आणखी. सकाळी किनाऱ्यावर रापण ओढत असतील तर जाळ्याच्या आसपास गळ टाकू नका. जाळ्यात तीन काट्यांचा हुक अडकला की तो काढताना हात आमचा फाटतो. त्यापेक्षा दोरी ओढायला लागा, वाटा मिळेल. आणि मालवणला फिरायला गेलात तर सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीचं पाणी १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे, तिथे रॉड गाडीतून काढूच नका.

खाडीकाठचा | बुधवार, रात्री ११.१२

रापणकरांशी शंभर टक्के सहमत. आपण सामान माशांसाठी नेत नाही, "तिथे गेल्यावर हे लागलं तर?" या धास्तीपायी नेतो. माझ्याकडेही एक पिवळा पॉपर (पाण्याच्या पृष्ठावर ओढायचा लूर) आहे, अकरा वर्षं दर ट्रिपला येतो, अजून पाण्याला शिवलेला नाही. आता त्याला फिरायची सवय लागली आहे.

माझी खाडी आणि वाळू दोन्हींसाठीची बॅग सांगतो.

रॉड एकच, तुमचा सात फुटी चार तुकड्यांचा. त्यावर १० ते ३० ग्रॅम असं काही लिहिलेलं असेल तर अगदी योग्य. रीळ ३००० नंबरचं. त्यावर २० पौंडी ब्रेड (विणलेली बारीक दोरी), दीडशे मीटर. पुढे ३० पौंडी फ्लुरोकार्बनचा लीडर (गळाकडचा जाड तुकडा), दोन हात लांब. लीडरची छोटी चकती सोबत ठेवा, कारण कालवांवर घासून तो दर तासाला कापावा लागतो. ब्रेड आणि लीडरची एफजी गाठ घरीच पंख्याखाली बसून बांधा, आणि पंखा बंद ठेवून. किनाऱ्यावर वाऱ्यात ती गाठ बांधायला घेतली की ओहोटी लागते तरी संपत नाही. तिथे तुटलं तर दुहेरी युनी (सोपी गाठ) मारायची आणि गप्प गळ टाकायचा.

लूर : मऊ प्लास्टिकच्या शेपट्यांची दोन पाकिटं, एक पांढरं आणि एक मातकट हिरवं. १० ग्रॅमची जिगहेड (वजनाचं डोकं असलेले गळ, त्यांवर शेपटी चढवतात) सहा. मेटल जिग (धातूचे लूर) २० ग्रॅमचे दोन. तरंगता छोटा मिनो (मासोळीच्या आकाराचा लूर) एक. बस्स. चार डबे नव्हेत, एक डबा. तोही औषधांच्या गोळ्यांचा चालेल, ज्यावर सोम-मंगळ लिहिलेलं असतं. मिनो त्यात मावणार नाही, तो कागदात गुंडाळून वरच्या कप्प्यात.

आमिषासाठी गळ : मुडदुशीला ६ नंबर, पालू-तांबोशीला १/०. प्रत्येकी दहा.

आणि ज्याला हात लावायचा नाही ते : लांब चोचीची पक्कड, नखं कापायचं कटर (ब्रेडला कात्रीपेक्षा बरं), जुना टॉवेल, डोक्याला लावायचा दिवा. लूर कमी करा, रॉड कमी करा, पण पक्कड आणि टॉवेल घरी राहिला तर खाडीवर जाऊ नका. पहिला शिंगाळा आला की कळेल का ते.

वेळूची_काठी | गुरुवार, सकाळी ७.१८

ब्रेडवर माझा आक्षेप आहे. वाळूवर ठीक, पण दगडावर ब्रेड म्हणजे कालवाच्या धारेवर धरलेला शिवणकामाचा दोरा. ताण असताना नुसता टेकला तरी गेला. मी आजही दगडात ०.३५ मिमीचा साधा मोनो (एकपदरी नायलॉन) वापरतो. ताणतो, घासतो, पण टिकतो. आणि संपूर्ण रीळ भरून स्वस्तात येतो.

खाडीकाठचा | गुरुवार, सकाळी ९.०२

खडकात उभं राहून तळाला आमिष सोडायचं असेल तर तुमचंच बरोबर. पण १० ग्रॅमचं जिगहेड ०.३५ च्या मोनोवर किती लांब जाईल? ब्रेड बारीक असतो म्हणून हलकं वजन लांब जातं, आणि तो ताणत नाही म्हणून शेपटीला नुसतं हुंगलेलंही बोटाला कळतं. हलकं सामान न्यायचं तर हलकं वजन फेकता आलं पाहिजे. सगळा हिशोब तिथून सुरू होतो.

वेळूची_काठी | गुरुवार, सकाळी ९.१५

मला हुंगलेलं कळून काय करायचंय, गिळलं की सांगा.

टेट्रापॉड | गुरुवार, सकाळी ९.१६

😂 वाचनखूण साठवली.

सुरंगी | गुरुवार, दुपारी १.४०

आमिषाबद्दल कुणीच बोललं नाही. पाणकावळा, तुम्ही ताजी कोळंबी न्याल, तिला बर्फ लागेल, बर्फाला थर्मोकोलचा डबा लागेल, आणि तो डबा पुन्हा सासूबाईंच्या पायाखाली जाईल. शिवाय वास.

माझी आजी वेंगुर्ल्याची. ती करायची ते सांगते. मध्यम कोळंबी, सोललेली, एकेकीचे दोन तुकडे. स्टीलच्या डब्यात जाड्या मिठाचा थर, वर कोळंबी, परत मीठ. एक रात्र फ्रिजमध्ये. सकाळी डब्यात गुलाबीसर पाणी सुटलेलं असतं, ते ओतून टाकायचं, नवीन मीठ लावायचं, आणखी एक दिवस. दुसऱ्या दिवशी तुकडा बोटात दाबून बघा, रबरासारखा चिवट लागला पाहिजे. मग कागदावर पसरून पंख्याखाली कोरडा करायचा आणि झाकणाच्या डबीत भरायचा. बर्फ नको, चार-पाच दिवस काही होत नाही. मोठा फायदा म्हणजे गळावरून सुटत नाही. ताजी कोळंबी पहिल्या फेकीत हवेतच उडून जाते आणि आपण अर्धा तास रिकामा गळ भिजवत बसतो.

मुडदुशीसाठी वाटाण्याएवढा तुकडा पुरे. तिचं तोंड इवलंसं असतं. मोठा तुकडा लावला तर ती कडेकडेनं कुरतडून खाते आणि "धन्यवाद" म्हणून जाते.

आणि शिसं नेऊच नका. सुती कापडाचे रुमालाच्या पावपट चौकोन कापून घ्या, आठ-दहा. किनाऱ्यावर गेलं की त्यात मूठभर ओली वाळू, वर दोऱ्याची गाठ. पुरचुंडी तयार. हवी तेवढी जड करता येते, आणि घरून न्यायचं वजन शून्य.

पाणकावळा | गुरुवार, दुपारी २.०५

सुरंगीताई, साष्टांग. दीड किलो शिसं एका परिच्छेदात गेलं.

वेळूची_काठी | गुरुवार, दुपारी २.३०

पुरचुंडी वाळूवर चालेल. दगडात मी गॅरेजमधून जुने स्पार्क प्लग आणतो. अडकला तर जीव हळहळत नाही.

सुरंगी | गुरुवार, दुपारी २.४४

तुमचा जीव नाही हळहळत, समुद्राच्या तळाचं काय? दगडात वजन वेगळ्या, बारीक दोऱ्यावर बांधा. अडकलं तर तो दोरा आधी तुटतो, गळ आणि मासा वर येतो. वजनाला तिथलाच लांबट दगड. दगड तळाला राहिला तर तो आपल्या घरी गेला, इतकंच.

रापणकर | गुरुवार, सायंकाळी ६.५०

सुरंगी, बराबर. आमच्याकडे अजूनही दगडच बांधतात. आणि तुटलेला तंगूस किनाऱ्यावर टाकून जाणाऱ्यांना काय करावं? गेल्या वर्षी एका बगळ्याच्या पायातून सोडवला, हाडापर्यंत रुतला होता. बॅगेत एक रिकामी डबी ठेवा, तुटका तंगूस त्यात.

पंचांग_आणि_पाणी | गुरुवार, रात्री ८.१५

तारखा पाहिल्या. तुम्ही षष्ठीला पोचताय, नवमीला निघताय. जुना हिशोब : तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ. षष्ठीला साडेचार, सप्तमीला सव्वापाच, अष्टमीला सहा, नवमीला पावणेसात. सकाळीही आणि संध्याकाळीही. हा ठोकताळा आहे. आपल्या किनाऱ्यावर भरती दक्षिणेकडून वर सरकते, त्यामुळे मालवणला मुंबईच्या आधी पाणी चढतं. नेमकी वेळ त्या भागाच्या कोष्टकात बघा.

सोय अशी की भरती पहाटे आणि संध्याकाळी, म्हणजे घरचे झोपलेले असताना आणि घरचे किनाऱ्यावर खेळत असताना. गैरसोय अशी की अष्टमी म्हणजे भांग. पाणी फार हलणार नाही. मुंबईत मोठ्या उधाणाला साडेचार-पाच मीटरचा फरक पडतो, तुमच्या तिकडे उधाणालाच दोन-सव्वादोन, भांगाला त्याहून कितीतरी कमी. ओढ नाही म्हणजे हलकं वजन पुरतं. तेव्हा सात फुटी रॉड आणि पुरचुंडी, याच्या बाहेर जायची गरजच नाही.

औषधपाणी | गुरुवार, रात्री ९.३०

पेशानं डॉक्टर, छंदानं गरवणारा. पक्कड-टॉवेलचा मुद्दा पुढे नेतो.

शिंगाळ्याला तीन काटे असतात. एक पाठीवर, दोन बाजूंच्या परांना. तिन्ही करवतीसारखे आणि विषारी. मासा टॉवेलनं झाकून डोक्यामागून धरायचा, गळ पकडीनं काढायचा. पायानं दाबून धरायचा मोह टाळा, काटा रबरी चपलेतून आरपार जातो. उथळ पाण्यात चालताना पाय उचलून टाकू नका, वाळूत घासत चला. पाकट वाळूत दडून बसलेलं असतं, पाय लागला तर निघून जातं, पाय पडला तर शेपटी मारतं.

लागलंच तर जखम धुवा आणि सोसवेल इतक्या गरम पाण्यात, साधारण ४५ अंशांच्या, तो भाग अर्धा ते दीड तास बुडवून ठेवा. कळ खूपच कमी होते. पाण्याचा अंदाज दुसऱ्या हातानं घ्या, दुखऱ्या हाताला चटका कळत नाही. काटा आत तुटलेला असेल, किंवा छाती-पोटाला लागला असेल, तर थेट दवाखाना. धनुर्वाताचं इंजेक्शन झालं नसेल तर तेही. आणि केंड खायचा नाही, कुणी कितीही "आम्ही साफ करून खातो" म्हणालं तरी.

या सगळ्यासाठी बॅगेत काय? चार पट्ट्या आणि जंतुनाशकाची छोटी बाटली. ५० ग्रॅमसुद्धा नाही.

मोपा_मार्गे | शुक्रवार, सकाळी १०.२०

विषय थोडा वेगळा. मी बंगळूरहून विमानानं गोव्याला येतो. चार तुकड्यांचा रॉड टॉवेलात गुंडाळून सूटकेसमध्ये तिरका बसतो. गळ आणि पक्कड चेक-इनच्या बॅगेतच टाका. एकदा हातातल्या पिशवीत राहून गेले तर सुरक्षातपासणीवाल्यांनी एकेक गळ बाहेर काढून मोजला आणि सगळे ठेवून घेतले. मागची रांग माझ्याकडे बघत होती. बाकी धागा मस्त, वाचतोय.

पाणकावळा | बुधवार, रात्री १०.५०

निघायच्या आदल्या रात्रीचा अहवाल. सात फुटी रॉड, एक रीळ, एक डबा, खारवलेली कोळंबी (सासूबाईंनी केली, जाडं मीठ कुठलं वापरायचं यावर माझी शिकवणी घेतली), कापडाचे दहा चौकोन, पक्कड, कटर, टॉवेल, दिवा, पट्ट्या, तुटक्या तंगूसची डबी. रॉड सोडून १ किलो ४५० ग्रॅम. दप्तरात बसून वर पाण्याची बाटलीही मावली.

जाकीट घरी. पॉपर घरी. भेटू सोमवारी.

खाडीकाठचा | बुधवार, रात्री ११.०१

पॉपरचं ऐकून माझ्या पिवळ्याला वाईट वाटलं. शुभेच्छा. फोटो काढा.

पाणकावळा | सोमवार, रात्री ९.२०

आलो. वृत्तांत लिहितो, लांबलाय.

पहिली संध्याकाळ, वाळूची बाजू. ६ नंबरचा गळ, वाटाण्याएवढी कोळंबी, पुरचुंडी. पहिली पुरचुंडी हवेतच सुटली आणि वाळूचा पाऊस मुलाच्या डोक्यावर. (ताई, वाळू ओली हवी हे मी वाचलं होतं, पाळलं नाही.) दुसरी नीट गेली. सूर्य टेकता टेकता रॉडच्या शेंड्याला टकटक झाली, जसं कुणी दारावर एका बोटानं वाजवावं. मुलीच्या हातात रॉड दिला. वीतभर मुडदुशी. उन्हात तिच्या अंगावर पाऱ्यासारखी चकाकी होती आणि मुलगी ती हातात धरून ओरडत होती, "बाबा, ही काकडीसारखी वास मारतेय!" मी हुंगून पाहिली. मला माशाचाच वास आला. पण तासाभरात सात झाल्या आणि सासूबाईंनी घरमालकिणीच्या चुलीवर रवा लावून तळल्या. बॅगेवरचे सगळे जुने गुन्हे माफ.

दुसऱ्या दिवशी पहाटे खाडी. घरमालकांनी तिवरांमागचा एक मोडका धक्का दाखवला. (नाव नाही सांगत, रापणकर ओळखतील.) पांढरी शेपटी, १० ग्रॅम. पाणी काचेसारखं थांबलेलं. पंचांगवाले, भांग म्हणजे काय ते त्या दिवशी कळलं. चाळीसेक फेकी कोऱ्या. मग एका खांबाला घासून शेपटी खाली सोडली, तळाला टेकली, एकदा उचलली, आणि कुणीतरी रॉड हातातून हिसकला. खेचणं वगैरे नाही, हिसकला. रीळ दोन वेळा कर्रर्र वाजलं, मग दोरी खांबाच्या मागे वळली आणि सैल. संपूर्ण प्रकार तीन सेकंद. लीडर वर घेतला तर टोक तुटलेलं नव्हतं, पिंजलेलं होतं, कापसाच्या वातीसारखं, आणि त्याच्यावर कालवाचा पांढरा भुगा. घरमालक शेजारी बिडी ओढत होते. म्हणाले, "तांबोशी ती. तिका घराक जावची घाई आसता."

त्यानंतर दोन शिंगाळे. पक्कड, टॉवेल, दोन्हींना दंडवत.

आता कबुली. धाग्यावर खोटं बोललो. नऊ फुटी रॉड मी मागच्या सीटखाली सरकवून नेला होता. रात्री बारा वाजता, चोरासारखा. राहावलं नाही.

आणि त्याची पाळी आली! शनिवारी सकाळी खाडीवरून आलो, सात फुटी रॉड जोडलेलाच डिकीत आडवा टाकला, मुलगा मदत करायला धावला आणि त्यानं डिकीचं दार आपटलं. "टिक्" एवढाच आवाज. शेंड्याचे चार बोटं, वरच्या कडीसकट, खाली वाळूत. पोराचा चेहरा पाहून मला ओरडताही येईना. मग मी विजयी मुद्रेनं सीटखालून नऊ फुटी काढला. बायकोनं बघितलं. एक अक्षर बोलली नाही, फक्त सासूबाईंकडे पाहिलं, आणि त्या म्हणाल्या, "हं."

गंमत पुढेच आहे. तो नऊ फुटी घेऊन संध्याकाळी त्याच धक्क्यावर गेलो. तिवरांच्या फांद्या डोक्यावर. मागे न्यावा तर फांदी, आडवा न्यावा तर खांब. पाऊण तासात तीन शेपट्या झाडाला लागल्या, आजही लोंबत असतील. शेवटी घरमालकांनी त्यांचा तंगूस माझ्या हातात दिला, पाण्याच्या बाटलीवर गुंडाळलेला. पुढे १/०, खारवलेली कोळंबी, आणि वजनाला अंगठ्याएवढा दगड. धक्क्याच्या कडेला बसून पायाखाली सरळ सोडायचा, फेकायचाच नाही. बोटावरून दोरी जाते तेव्हा खाली काय चाललंय ते सगळं बोटाला कळतं : दगड टेकला, खेकडा आला, खेकडा गेला. आणि मग पालू. पाऊण किलोचा असेल. बोटाला दोरीची लाल रेघ अजून आहे, फोटो खाली लावलाय, पालूचाही लावलाय.

मेटल जिग दोन्ही आणि मिनो एकदाही पाण्यात गेले नाहीत. कमी पडलं ते एकच, दुसरा तंगूस. शेवटच्या दिवशी मुलं एका बाटलीवर भांडली.

वेळूची_काठी | सोमवार, रात्री ९.५५

गिळलं की कळतं, म्हटलं नव्हतं?

पाणकावळा | सोमवार, रात्री ९.५८

उलट सांगताय काका. हुंगलेलंही कळत होतं, तेही तुमच्या आवडत्या मोनोवर.

सुरंगी | सोमवार, रात्री १०.१०

मुलीचं नाक बरोबर आहे. काही जणांना ताज्या मुडदुशीला खरंच काकडीसारखा वास येतो. माझी आजीही म्हणायची, मलाही येतो, माझ्या नवऱ्याला येत नाही.

खाडीकाठचा | सोमवार, रात्री १०.२५

सुंदर वृत्तांत. तांबोशीबद्दल : खांबाजवळ ती घेते तेव्हा पहिल्या दोन सेकंदांतच तिला वळवावं लागतं, नंतर नाही. रिळाचा ड्रॅग (किती ताणाला दोरी सुटेल ते ठरवणारा ब्रेक) एरवी दोरीच्या ताकदीच्या पाव भागाला लावतात, पण अशा जागी मी तो जवळजवळ आवळूनच ठेवतो आणि लीडर ४० पौंडी घेतो.

"एकच रॉड न्या" हा माझा सल्ला होता, त्यामुळे मोडक्या शेंड्याची थोडी जबाबदारी माझी. पण त्याचं उत्तर दुसरा रॉड नव्हतं. उत्तर पाच ग्रॅमचं आहे : शेंड्याची सुटी कडी आणि मेणबत्तीचा तुकडा. मोडलेलं टोक चाकूनं हळूच गोल फिरवत सरळ कापायचं, सॅंडपेपर नसेल तर खडबडीत दगडावर घासायचं. ग्लू गनची कांडी मेणबत्तीवर मऊ करून टोकाला थोडी फासायची, कडी गरम करून सरकवायची, बाकीच्या कड्यांच्या ओळीत आणायची. पाच मिनिटं. रॉड चार बोटं आखूड आणि जरा ताठ होतो, बाकी काही नाही. माझा तर दोनदा झालाय, एकदा गाडीचं दार, एकदा छताचा पंखा.

आणि घरी आल्यावर रीळ धुतलंत का? ड्रॅग पूर्ण आवळा, मग नळाची बारीक धार, पुसा, मग ड्रॅग सैल सोडून ठेवा. आवळलेला ठेवला तर आतल्या चकत्या दबून राहतात.

पाणकावळा | सोमवार, रात्री १०.४०

आवळून धुतलं, सैल सोडायचं राहिलं होतं. आत्ता उठून सोडलं.

कडीचा प्रश्न आहे. मोडलेल्या जागी टोकाचा व्यास मोजला, मुलाच्या कंपासपेटीतल्या पट्टीनं नव्हे, मित्राच्या व्हर्नियरनं : २.३ मिमी. इथल्या दोन दुकानांत विचारलं. एकाकडे फक्त मोठ्या सर्फ रॉडच्या कड्या, दुसरा म्हणाला नवा रॉडच घ्या. कुणाकडे सुटी आहे का?

रापणकर | सोमवार, रात्री १०.४४

तो मोडको शेंडो फेकू नको. झिलाक दी. तेका तंगूस बांधून मुडदुशी गरवूक शिकव.

टेट्रापॉड | सोमवार, रात्री ११.०२

२.२ आणि २.४ दोन्ही माझ्याकडे पडून आहेत. २.४ घ्या, ग्लूला जागा लागते. रविवारी पुण्यात येतोय, सकाळी अकराला स्वारगेट. सासूबाईंनी खारवलेली कोळंबी उरली असेल तर डबी आणा, पुढच्या आठवड्यात मला मार्व्याला जायचंय.

पाणकावळा | सोमवार, रात्री ११.०६

उरलेली नाही. पण त्या आतून विचारतायत, किती हवी?